संधिवात, स्टेरॉइड आणि जैविक औषधे



संधिवात हा शब्द आपल्यापैकी कोणाला नवा नाही. गुडघा दुखू लागला की संधिवात, कंबर धरली की संधिवात, पावसाळी हवेत खांदा ठणकला तरी संधिवातच. एका शब्दाच्या पोटात इतकी दुखणी भरून ठेवल्यामुळे आपली मोठी फसगत होते, आणि म्हणून आरंभीच थोडी निवड करून घेणे भाग आहे. साठी उलटल्यावर जिना चढताना गुडघे कुरकुरतात ती बहुतेक वेळा झीज असते. वापरून वापरून जात्याची टाकी बोथट व्हावी तसा तो प्रकार. मी आज ज्याविषयी बोलणार आहे तो विकार निराळा. तो तिशी-चाळिशीतही येतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी अधिक होतो, आणि त्याची सुरुवात गुडघ्यापासून न होता बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते. दोन्ही हातांची बोटे सारखीच सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, कणीक मळता येत नाही, पिळा पिळवत नाही. तास-दोन तास गेले म्हणजे हात हळूहळू मोकळे होतात. झिजेच्या दुखण्याला विश्रांतीने आराम पडतो. या दुखण्यात मात्र रात्रभराच्या विश्रांतीनंतरच अंग लाकडासारखे होते. माधवनिदानात आमवाताचे जे वर्णन आहे ते वाचताना या रोगाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. इंग्रजी वैद्यकात याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. शंभर-दोनशे माणसांमागे एकाला तो असतो, म्हणजे या मंडपातही दोन-चार जण असावेत.

या रोगाचे मूळ सांध्यात नसून शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. काटा टोचला म्हणजे तिथे लाली येते, ऊब येते, सूज येते, ठणका लागतो. याला आपण दाह म्हणतो. दाह हा शत्रू नव्हे. शरीराचे राखणदार कामाला लागल्याची ती खूण आहे. काटा निघाला, जंतू मेले, की राखणदार परत जातात आणि दाह शमतो. पण काही माणसांत हे राखणदार घरच्याच माणसांना चोर समजून त्यांच्यावर काठ्या उगारतात, आणि एकदा उगारलेली काठी खाली येत नाही. सांध्यांवर हल्ला झाला की आमवात, पाठीच्या कण्यावर झाला की मणके हळूहळू सांधले जाणारा विकार, आतड्यावर झाला की रक्त पडणारे दीर्घकाळचे अतिसार, कातडीवर झाला की खवले पडणारा सोरायसिस. ही एकाच कुळातील भावंडे म्हणावीत. म्हणूनच पुढे सांगणार आहे ती औषधे या सर्वांवर थोड्याफार फरकाने चालतात.

आता गोष्ट अमेरिकेतील रोचेस्टर गावची. मिनेसोटा राज्यातील या गावात मेयो क्लिनिक नावाचे विख्यात रुग्णालय आहे. तेथे फिलिप हेंच नावाचे डॉक्टर आमवाताचे रोगी पाहत. १९२९ साली त्यांच्या एका रोग्याला, जो स्वतःही डॉक्टरच होता, कावीळ झाली. आणि कावीळ अंगात असेपर्यंत त्याचे सांधे चमत्कार झाल्यासारखे मोकळे झाले. हेंच यांनी ही गोष्ट विसरून सोडली नाही. पुढे त्यांच्या ध्यानात आले की आमवाताच्या स्त्रियांना गरोदरपणातही असाच आराम पडतो. कावीळ आणि गरोदरपण, या दोहोंत काय साम्य? त्यांनी तर्क केला की अशा वेळी शरीरात काही एक द्रव्य वाढत असले पाहिजे आणि तेच हा दाह शमवीत असले पाहिजे. द्रव्य ठाऊक नाही, पण त्याची करणी दिसते आहे, अशा स्थितीत हा मनुष्य जवळजवळ वीस वर्षे त्याच्या मागावर राहिला.

योगायोग असा की त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळे करण्यात गढलेले होते. त्यांतील एकाला त्यांनी 'ई' हे अक्षर दिले होते. ते ग्रंथींतून मिळवायचे तर हाती कणभर लागे. शेवटी मर्क कंपनीच्या रसायनज्ञांनी बैलाच्या पित्तापासून आरंभ करून तीसहून अधिक पायऱ्यांनी ते बनविण्याची वाट काढली. २१ सप्टेंबर १९४८ रोजी हेंच यांनी अंथरुणाला खिळल्यासारख्या झालेल्या एका २९ वर्षांच्या बाईला त्याचे पहिले इंजेक्शन दिले. तीन-चार दिवसांत तिचे सांधे सैल झाले, आणि आठवडा पुरा होतो न होतो तो ती गावात जाऊन खरेदी करून आली! या द्रव्याचे नाव पुढे कॉर्टिसोन पडले. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या इंजेक्शनापासून नोबेलपर्यंत अवघी दोन वर्षे! विज्ञानाच्या इतिहासात इतकी घाई क्वचितच झाली असेल.

आणि घाईचे फळ लवकरच दिसले. महिनोन् महिने मोठ्या मात्रेत हे औषध दिलेल्या रोग्यांचे चेहरे पौर्णिमेच्या चंद्रासारखे वाटोळे झाले, रक्तदाब चढला, लघवीत साखर दिसू लागली, हाडे ठिसूळ होऊन मणके दबले, काहींच्या मनाचा तोल गेला. बरे, औषध थांबवावे तर रोग दुप्पट जोराने उसळे. ब्रिटनमध्ये १९५४ साली नव्या रोग्यांची तुलना करून पाहण्यात आली. काहींना कॉर्टिसोन, काहींना साधी अॅस्पिरिन. वर्ष उलटल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. ज्या औषधासाठी जग वेडे झाले होते त्याची ही गत! पुढे १९९५ साली, तीही ब्रिटनमध्येच, थोडी दुरुस्ती झाली: आरंभीच्या आमवातात रोज साडेसात मिलिग्रॅम इतकीच प्रेडनिसोलोनची लहान मात्रा दोन वर्षे दिल्यास सांध्यांतील हाडांची झड मंदावते असे दिसले. म्हणजे औषध वाईट नव्हते. आपण ते वापरायला शिकलो नव्हतो.

आपण अजून तरी शिकलो आहोत काय, असे विचारले तर मला माझी मावशी आठवते. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची बोटे वाकडी होऊ लागली होती. कोणीतरी एका गावच्या औषधवाल्याचे नाव सांगितले. तो पांढऱ्या पुड्या देई. कागदावर नाव नाही, गाव नाही, 'शुद्ध जडीबुटी' म्हणून सांगे. दुसऱ्याच दिवशी मावशी उठून स्वयंपाक करू लागली. घरादाराने त्या माणसाला दुवा दिला. दोन वर्षांत तिचा चेहरा भरला, आणि आम्ही सगळे, ज्यांत वैद्यकाचा विद्यार्थी असलेला मीही होतो, 'मावशीची तब्येत कशी छान सुधारली!' म्हणून कौतुक करीत होतो. मग एकदा तो औषधवाला गाव सोडून गेला आणि पुड्या संपल्या. आठ दिवसांत मावशीला उलट्या सुरू झाल्या, उभे राहिले की भोवळ येई, अंगातले त्राण गेले. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब लागेना. तेथल्या एका जुन्या डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे आणि दंडावरच्या निळ्या डागांकडे एकवार पाहिले, मला बाजूला घेऊन विचारले, "पुड्या किती दिवस चालू होत्या?" आणि शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन चालू केले. संध्याकाळी मावशी उठून बसली. त्या पुड्यांत स्टेरॉइड होते.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या अधिवृक्क ग्रंथी रोज हे द्रव्य स्वतः तयार करतात; गोळीच्या हिशेबाने पाहिले तर सुमारे पाच ते सात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोलाचे. किती करायचे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी देते. बाहेरून आयता माल येऊ लागला की ती हुकूम देणे बंद करते, आणि काम नसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ औषध चालले असेल तर हे घडल्याचे धरून चालावे. मग एके दिवशी बाहेरचा पुरवठा एकाएकी तुटला तर आत काहीच तयार नसते. रक्तदाब टिकवायला, ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया सोसायला लागणारे द्रव्यच नाही. म्हणून स्टेरॉइड घेणाऱ्याने मनाने मात्रा वाढवू नये हे जितके खरे, तितकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, ते मनाने बंद करू नये हे खरे. शेजारणीने "अगं, ते भयंकर औषध!" असे सांगितले म्हणून गोळ्या खिडकीबाहेर टाकणारे रोगी मी पाहिले आहेत. त्यांची भीती खोटी नसते. भिण्याची जागा चुकलेली असते. मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत सावकाश.

याच औषधाची दुसरी बाजू २०२० साली साऱ्या जगाने पाहिली. करोनाच्या साथीत ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत असे दिसले की रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, तेही जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्याने कृत्रिम श्वासावरील रोग्यांचे मृत्यू एकतृतीयांशाने कमी झाले. मात्र ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना काहीच लाभ झाला नाही. पुढल्या वर्षी आपल्याकडे काय झाले ते आठवा. ताप आला की स्टेरॉइड, मात्रा दुप्पट, दिवस दुप्पट. आणि मधुमेही माणसांच्या नाका-डोळ्यांत काळी बुरशी शिरली. बुरशीला इतर कारणेही होती, परंतु चढलेली साखर आणि नको तेव्हा दिलेले स्टेरॉइड हे त्यांतले मोठे कारण होते. तीच गोळी एका खाटेवर जीव वाचवीत होती आणि शेजारच्या खाटेवर डोळा घेत होती.

मग आमवातात स्टेरॉइडचे योग्य स्थान कोणते? पाऊस येईपर्यंत विहीर पुरवायची असते, तेवढे. आमवातावर खरा लगाम घालणारी औषधे सावकाश लागू पडतात, सहा ते बारा आठवडे घेतात. तोवर रोग्याने हात बांधून बसायचे काय? त्या मधल्या काळासाठी लहान मात्रा, सकाळी न्याहारीनंतर, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या जोडीने. आणि लगाम लागू पडला की उतरती.

हा लगाम म्हणजे मुख्यतः मेथोट्रेक्सेट. त्याच्या जन्मकथेत आपल्या देशाचा एक माणूस आहे. भीमावरमला जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या हाताखाली फॉलिक आम्लाला अडविणारी द्रव्ये तयार झाली. त्यांचा पहिला उपयोग मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर झाला. सुब्बाराव १९४८ सालीच वारले. त्याच कुळातील औषध चाळीस वर्षांनी आमवाताचे मुख्य औषध होईल हे त्यांनी पाहिले नाही. या गोळीविषयी एकच गोष्ट मंडपातून बाहेर जाताना पदराला गाठ मारून न्या: आमवातात ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज नव्हे. चुकून रोज घेतली गेल्याने तोंड सोलून, रक्तातील पेशी घटून माणसे दगावली आहेत. घरातील कर्त्या माणसाने वार ठरवून दिनदर्शिकेवर तांबडी खूण करावी, आणि डॉक्टरांनी दिलेली फॉलिक आम्लाची गोळी वेगळ्या डबीत ठेवावी.

बहुसंख्य रोग्यांचे काम एवढ्यावर भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी गेल्या काही दशकांत जैविक औषधे आली. त्यांची कथा १९७५ साली दोन ठिकाणी सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील एका द्रव्याला नाव दिले. गाठी नष्ट करताना ते प्रथम दिसले म्हणून त्याचे नाव 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', थोडक्यात टीएनएफ. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे मिलश्टाइन आणि क्योलर यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची युक्ती शोधली. प्रतिपिंड म्हणजे आपल्या रक्तात असणारी अशी प्रथिने की जी एकाच विशिष्ट वस्तूला ओळखून तिला जाऊन चिकटतात, इतर कशाला शिवत नाहीत. हे दोन शोध एकमेकांना भेटायला सतरा वर्षे लागली.

ती भेट लंडनमध्ये झाली. तेथील केनेडी संस्थेत लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि मूळचे पोलिश, ऑस्ट्रेलियात वाढलेले मार्क फेल्डमन हे काम करीत होते. आमवाताच्या सुजलेल्या सांध्यात एक नव्हे, अनेक चिथावणीखोर द्रव्ये सापडत. जाणकार म्हणत, एक अडवून काय होणार, बाकीची आहेतच. पण या मंडळींनी सांध्याच्या अस्तराच्या पेशी काचपात्रात वाढवून दाखविले की एकट्या टीएनएफला अडविले तर दुसरी द्रव्येही खाली बसतात. दंगलीत शंभर जण ओरडत असले तरी ललकारी देणारा एक असतो, त्यातला प्रकार. १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्यांनी टीएनएफला पकडणारे प्रतिपिंड, आजचे इन्फ्लिक्सिमॅब, पहिल्या रोग्यांना दिले. गुण पटकन आला. पण काही आठवड्यांनी परिणाम ओसरला आणि रोग परतला. म्हणजे हे औषध रोग मुळातून उपटीत नाही, त्याला धरून ठेवते. ही गोष्ट तेव्हाच उघड झाली होती आणि आजही तितकीच खरी आहे.

स्टेरॉइड आणि जैविक औषध यांतला फरक आता सहज कळेल. स्टेरॉइड हा साऱ्या गावात पुकारलेला बंद; चोरही घरात, दूधवालाही घरात. जैविक औषध हे एकाच माणसावरचे पकडवॉरंट. पण त्याची जात इतर गोळ्यांहून निराळी आहे. अॅस्पिरिनच्या रेणूचा भार १८० धरला तर या प्रतिपिंडाचा भरतो सुमारे दीड लाख! असा रेणू रसायनाच्या भांड्यात बनत नाही. जिवंत पेशींकडून करवून घ्यावा लागतो. अडालिमुमॅब हे औषध चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींकडून तयार होते. ते प्रथिन असल्यामुळे पोटात घेतले तर डाळीसारखे पचून जाईल, म्हणून सुईनेच घ्यावे लागते. अडालिमुमॅब बहुधा पंधरवड्याला एकदा त्वचेखाली, इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून. दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज गेली, शीतकपाट चार तास बंद पडले, म्हणजे आमच्या रोग्यांच्या जिवाची जी घालमेल होते ती लंडनच्या डॉक्टरांना कशी कळावी! आणि किंमत. ती प्रारंभी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये अडालिमुमॅबची समतुल्य प्रत भारतात आणली आणि नंतर इतरही कंपन्या उतरल्या. भाव पुष्कळ खाली आले. तरीही शेतमजुराच्या घरात हे इंजेक्शन पोचले आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

आता मुख्य धोक्याकडे येतो, कारण तो आपल्या देशात सर्वांत मोठा आहे. टीएनएफ हे द्रव्य केवळ सांधे नासविण्यासाठी शरीरात आलेले नाही. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला म्हणजे शरीर त्याला पुष्कळदा मारू शकत नाही, पण त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधून त्याला जिवंतपणी गाडून टाकते. ही भिंत उभी ठेवण्याचे काम टीएनएफ करते. इंजेक्शनाने टीएनएफ काढून घेतले की भिंत ढासळते. २००१ साली अमेरिकेतून हिशेब प्रसिद्ध झाला. तोवर जगात सुमारे १ लाख ४७ हजार रोग्यांना इन्फ्लिक्सिमॅब दिले गेले होते, आणि त्यांच्यात क्षयाची ७० प्रकरणे नोंदली गेली होती. त्यांपैकी ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. ही प्रकरणे बहुतांशी क्षय विरळ असलेल्या देशांतली. आपल्याकडे जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आहेत, आणि दर तीन प्रौढांमागे जवळजवळ एकाच्या अंगात तो जंतू गाडलेल्या स्थितीत आहे. त्याला खोकला नाही, ताप नाही, आपण निरोगी आहोत अशीच त्याची समजूत असते, आणि रोजच्या व्यवहारात ती चुकीचीही नसते.

म्हणून पहिली सुई टोचण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, त्वचेवरची मँटू चाचणी किंवा रक्ताची तपासणी केल्यावाचून पुढे जाऊ नये. सुप्त क्षय आढळला तर त्यावरील गोळ्या आधी सुरू करून साधारण महिनाभराने जैविक औषध द्यावे. ब प्रकारच्या काविळीची तपासणीही हवी, कारण तीही अशीच दबा धरून बसलेली असते. रोगी मला विचारतात, "डॉक्टर, मला आजच दुखते आहे आणि तुम्ही तपासण्या कसल्या काढता?" त्यांचा राग मला समजतो. पण घरच्या कोणाला कधी क्षय झाला होता काय, हा प्रश्न डॉक्टरने विचारला नाही तर तो रोग्याने आपण होऊन सांगावा. आपल्याकडे ही गोष्ट लपविण्याची चाल आहे. सोयरीक मोडेल म्हणून लपवितात. डॉक्टरपाशी ती लपविणे म्हणजे आपल्याच घराच्या भिंतीखाली सुरुंग ठेवणे.

औषध चालू असताना बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम, मानेला गाठ, यांतले काही दिसले तर पुढील सुई थांबवून आधी डॉक्टरांना गाठावे. जिवंत जंतूंच्या लसी या काळात घेऊ नयेत. शस्त्रक्रिया ठरली तर शल्यचिकित्सकाला हे औषध चालू असल्याचे सांगावे. आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे: दहा रोग्यांपैकी तिघा-चौघांना पहिल्या जैविक औषधाने पुरेसा गुण येत नाही, काहींना आरंभी येतो आणि पुढे शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंड तयार करून ते निकामी करते. सोबत मेथोट्रेक्सेट दिल्यास हे कमी होते. न जमल्यास दुसऱ्या द्रव्यावर नेम धरणारी औषधे आहेत. जपानात किशिमोतो यांच्या संशोधनातून निघालेले टोसिलिझुमॅब त्यांतलेच, ज्याच्या कुप्यांसाठी २०२१ साली आपल्या शहरांतून लोक रात्र रात्र धावत होते.

"जन्मभर घ्यावे लागेल काय?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रोग दीर्घकाळ पूर्ण शांत राहिला तर सुयांमधील अंतर वाढवून पाहता येते. काहींना ते मानवते, पुष्कळांना रोग परततो आणि पुन्हा मूळ अंतरावर यावे लागते. हा प्रयोग डॉक्टरच्या नजरेखाली करायचा आहे. बोटे वाकडी होण्यापूर्वी, म्हणजे दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांतच उपचार मिळाले तर मोठ्या औषधांची गरजही पुष्कळांना पडत नाही. वाकलेले बोट मात्र कोणतेही इंजेक्शन सरळ करीत नाही.

मावशीला जैविक औषध मिळाले नाही.  मेथोट्रेक्सेट आणि अडीच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन यांवर तिने पुढची चौदा वर्षे काढली, दर सोमवारी गोळी घेऊन. तिच्या बटव्यात सुपारीच्या शेजारी एक घडी केलेला कागद असे. 'मी स्टेरॉइड घेते. बेशुद्ध सापडल्यास डॉक्टरांना हा कागद दाखवा' असे त्यावर मी ठळक अक्षरांत लिहून दिले होते. कागद झिजला की ती नवा लिहून मागे.